बेरजेचा खेळ

आठशे मीटरमध्ये मी कितवी आले असे कोणी विचारले तर मला जरा आठवावे लागते. वेळ मात्र झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन. माझा खेळ हेप्टाथलॉन, म्हणजे धावणे, उड्या आणि फेकी मिळून सात प्रकारांची एकच स्पर्धा. तिच्यात नंबराला स्वतःची अशी किंमत नसते. घड्याळ आणि फीत जो आकडा देतात त्याचे गुण होतात, सात प्रकारांचे गुण मांडले जातात आणि जिची बेरीज मोठी ती पहिली. सातांपैकी एकही प्रकार न जिंकता स्पर्धा जिंकता येते. हे घरी समजावता समजावता माझा घसा बसला आहे. गणेश चवथीला घरी आलेली मावशी दर वर्षी नेवऱ्या खाता खाता विचारते, "ते सगळे ठीक, पण तुझा खरा खेळ कुठला गो?"

मी डिचोली तालुक्यातली. आमच्या भागात मैदान एकच आणि ते फुटबॉलचे. गोव्यात राहून त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. संध्याकाळी चारनंतर तिथे भाला घेऊन उभी राहिले असते तर मुलांनी मला गोलपोस्टला बांधले असते, आणि त्यांचे बरोबरच ठरले असते. मग माझी वेळ पहाटेची. दव, कुत्री आणि मी.

सुरुवात शाळेतल्या लांब उडीने झाली. चौदा वर्षांखालील मुलांसाठी ट्रायथलॉन असते. त्यात साठ मीटर आणि लांब उडी सगळ्यांना, तिसरा प्रकार मात्र गटाप्रमाणे बदलतो. मी उंच उडीचा गट घेतला होता. तिथे सरांनी मला पाहिले आणि पुढे एक दिवस सरळ विचारले, "सात प्रकार करशील?" कारण त्यांनी लपवले नाही. लांब उडीत राज्यात माझ्याहून लांब उडणाऱ्या मुली होत्या, आणि हेप्टाथलॉनला गोव्यातून नावे द्यायला मुलीच मिळत नव्हत्या. पुष्कळ जणी या खेळात अशाच येतात असे मला वाटते. लहानपणापासून हेप्टाथलॉनचे स्वप्न पाहिलेली मुलगी मला तरी अजून भेटलेली नाही.

पहिल्या दिवशी शंभर मीटर हर्डल्स (अडथळ्यांची शर्यत), उंच उडी, गोळाफेक, दोनशे मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक, आठशे मीटर. क्रम ठरलेला, जगात कुठेही हाच.

सरांनी गुणांच्या तक्त्याची छापील प्रत आणून दिली आणि एक वही करायला लावली. तक्त्यामागे सूत्र आहे. प्रत्येक प्रकाराला एक तळ असतो, त्याच्या वर गेले की गुण सुरू होतात. उंच उडीचा तळ 75 सेंटीमीटर, गोळ्याचा दीड मीटर, आठशेला 4 मिनिटे 14 सेकंद. तळापासून जितके वर जाल तितके धावण्या-उडीतले पुढचे पाऊल थोडे जास्त गुण देते. फेकीच्या प्रकारांत ही चढण जवळजवळ सपाट असते. वहीत एका बाजूला माझा आकडा, शेजारी गुण, आणि तिसऱ्या रकान्यात सरांचा लाडका प्रश्न: इथे पुढचे गुण किती महिन्यांत मिळतील?

त्या तिसऱ्या रकान्याने माझी झोप उडवली. लांब उडी पाच मीटरवरून पाच मीटर दहावर नेली तर 28 गुण वाढतात. उंच उडी 1.50 वरून 1.53 झाली तर 34. गोळा नऊ मीटरवरून दहावर गेला तर 65. आणि आठशे मीटर 2:40 वरून 2:30 वर आणले तर 573 चे 693 होतात, म्हणजे सरळ 120 गुण. माझा जीव लांब उडीत. रोज वाळूच्या खड्ड्यात पडून राहायला मी तयार होते. आठशेचे नाव काढले की पोटात गोळा यायचा. सर म्हणाले, "दहा सेंटीमीटरला तुझा अख्खा सीझन जाईल. दहा सेकंद पावसाळ्यात रस्त्यावर मिळतात."

पावसाळा म्हणजे आमच्याकडे जून ते सप्टेंबर मैदान विसरायचे. लाल चिखल, शेवाळलेली पायवाट. उंच उडीची गादी भिजली की आठवडा वाळत नाही. त्या दिवसांत मी रस्त्यावर धावले, शाळेच्या रंगमंचावर ताकदीचे व्यायाम केले, आणि भाल्याच्या हातासाठी परसातल्या चिऱ्यांच्या गडग्यावर जड चेंडू आपटत राहिले. आजी आतून ओरडायची की गडगा पडला तर तूच बांधायचा. बाबांना याची फिकीर नव्हती. खाण बंद पडल्यापासून त्यांचा ट्रक दारात उभा होता. त्याच्या सावलीत हर्डल्सची तालीम चालायची. पीव्हीसी पाइपचे हर्डल्स सरांनीच जोडले होते. गुडघा लागला की ते सुटे होऊन पडायचे, हा त्यांचा मोठा गुण.

सगळे एकमेकांच्या आड येते, हे बाहेरून दिसत नाही. गोळ्यासाठी वजन वाढवावे तर उंच उडीत तेच वजन बारवरून न्यावे लागते. आठशेसाठी मैल खाल्ले की दोनशे मीटरच्या पायांतली उसळी जाते. भाल्याने कोपर दुखले की गोळाही बंद. आई महिन्याचा पगार आला की वाणी, वीज, फी, औषध अशी पाकिटे करते, तसे आमचे आठवड्याचे तास. एका पाकिटात जास्त गेले तर दुसरे रिकामे. भाल्याचे पाकीट बराच काळ रिकामेच होते. त्याचे कारण साधे: भाला फेकायला मोकळी जागा लागते आणि समोर कोणी असून चालत नाही.

खरी गादी, खरे हर्डल्स आणि सिंथेटिक ट्रॅक यांसाठी बांबोळी. डिचोलीहून पणजी, पणजीच्या बसस्थानकावर बस बदलायची आणि गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, थांब्यावर उतरायचे. बसमधल्या बायकांना वाटायचे मी इस्पितळात कोणाला तरी डबा घेऊन चालले आहे. 2023 मध्ये गोव्यात 37वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली तेव्हा अॅथलेटिक्स याच स्टेडियमवर होते. मी तिथे प्रेक्षकांत बसून हेप्टाथलॉनच्या मुली पाहिल्या, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या उड्यांपेक्षा मधला वेळ जास्त पाहिला. दोन प्रकारांमध्ये नियमाने किमान अर्धा तास मिळतो. त्यात कोण आडवी पडून पाय भिंतीला लावते, कोण बूट बदलते, कोण टोपी तोंडावर घेऊन कोणाशी बोलतच नाही. एकीच्या पिशवीतून बुटांचे चार जोड निघाले. माझ्याकडे तेव्हा दोन होते.

त्याच सुमारास स्वप्ना बर्मनबद्दल जे मिळेल ते वाचत होते. जकार्ता, 2018, एशियाडचे सुवर्ण, 6,026 गुण. दोन्ही पायांना सहा-सहा बोटे, त्यामुळे बूट चावायचे. त्यात दाढदुखीने गालाला पट्टी. पण माझे लक्ष गेले तिच्या रकान्यांकडे. उंच उडी 1.82 आणि भाला 50.63 मीटर. ज्या प्रकाराचे पाकीट मी रिकामे ठेवले होते त्यातून तिने केवढे घेतले होते! नंदिनी अगसराने पुढे हांगझोऊच्या एशियाडमध्ये 5,712 गुणांवर कांस्य मिळवले आणि 2025 मध्ये आशियाई अजिंक्यपद जिंकताना 5,941 केले. जे. जे. शोभाचा 2004 मधला 6,211 चा राष्ट्रीय विक्रम वीस वर्षांनंतरही जागेवरच होता. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि माझा आकडा शेवटच्या पानावर, म्हणजे दोन्ही एकदम दिसणार नाहीत.

ज्युनियर नॅशनलसाठी कागद लागतात ते सगळ्यांनाच लागतात: जन्मदाखला, आधार, फेडरेशनची नोंदणी. ते झाले. भाला आणि गोळा तिथलाच वापरायचा असल्यामुळे ट्रेनमध्ये नेण्याचा प्रश्न नव्हता. बॅगेत आईने गूळ-शेंगदाण्याचे लाडू, नाचणीचे पीठ आणि उकड्या तांदळाची पुरचुंडी घातली. तांदळाला मी हसले. पण तिथल्या जेवणात दोन वेळा तिखट पनीर आले आणि दुसऱ्या दिवसाच्या पहाटे सरांनी कुठूनतरी शेगडी मिळवून पेज केली, तेव्हा हसणे बंद झाले.

पहिला दिवस हर्डल्सने सुरू होतो, हे मला आजही क्रूर वाटते. सगळ्यात अवघड तंत्र, आणि तेही अंग उघडायच्या आत. एक दिलासा असा की हेप्टाथलॉनसारख्या एकत्रित प्रकारांत शर्यतीतला पहिला फॉल्स स्टार्ट, म्हणजे इशाऱ्याआधीच सुटणे, माफ असतो. इतर शर्यतींत लगेच बाहेर काढतात. आमच्या शर्यतीत तो कोणीतरी घेतलाच. नंतर उंच उडी. बार प्रत्येक वेळी तीन सेंटीमीटरने चढतो, मुली जास्त, ऊन वाढत जाते, आणि पाळी येईपर्यंत अंग थंड पडते. मी 1.50 वर थांबले. गोळा ठीक. दोनशे मीटर संध्याकाळी, पाय ओढत. दोन दिवसांमध्ये किमान दहा तास द्यावे लागतात. तेवढे मिळाले, पण झोप त्यातली अर्धीच लागली.

दुसऱ्या दिवशी पहिलीच लांब उडी, माझी हक्काची. एरवी अंतिम फेरी गाठली की सहा उड्या मिळतात, हेप्टाथलॉनमध्ये तीनच. पहिल्या उडीला लाल झेंडा, म्हणजे पाय फळीच्या पुढे पडून फाऊल. दुसऱ्या उडीलाही लाल झेंडा, आणि ती उडी मी आजवर मारलेल्या उड्यांपैकी सर्वांत लांब होती, हे वाळूतल्या खुणेवरून मलाही दिसले. तिसरीही फाऊल गेली तर शून्य. शून्य मिळाले म्हणून कोणी बाहेर काढत नाही, पुढचे प्रकार खेळता येतात. पण साडेपाचशे गुणांचे भगदाड घेऊन खेळायचे. सर कठड्यापलीकडे होते. त्यांनी हाताने मागे, आणखी मागे अशी खूण केली. मी धावेची खूण चांगली दीड पाऊल मागे सरकवली.

तिसऱ्या वेळी धावताना फळी दिसली आणि मी तिच्या बरीच अलीकडून उडाले. पांढरा झेंडा. पाच मीटरच्या आत. लांब उडीची मुलगी म्हणून पाहिले तर रडण्याजोगी उडी. शेजारच्या राज्याची एक मुलगी म्हणालीही, "केवढे अंतर सोडलेस!" माझ्या डोक्यात मात्र वजाबाकी चालू होती: तीसेक गुण गेले, पाचशेहून जास्त वाचले. माझ्या आवडत्या प्रकाराकडे मी पहिल्यांदाच इतक्या कोरडेपणाने पाहत होते, आणि त्याचे मला वाईट वाटले नाही. सरांनी नंतर त्या उडीबद्दल अवाक्षर काढले नाही. त्यांनी विचारले, "भाल्याला कोपराची पट्टी आणली का?"

भाला जसा जायचा तसा गेला.

आठशे मीटरच्या वेळी गुणांत पुढे असलेल्या मुलींना एकाच शर्यतीत ठेवतात आणि ती शेवटी होते. मी आधीच्या शर्यतीत होते, जिथे पदकाशी कोणाचाच संबंध नव्हता. तरीही प्रत्येकीला आपला आकडा ठाऊक होता. एकमेकींना मागे टाकण्यापेक्षा एकमेकींच्या मागे चिकटून वेळ काढण्यात सगळ्यांचा फायदा होता. पहिल्या फेरीत न ठरवता आम्ही आळीपाळीने पुढे गेलो. शेवटच्या दोनशेत मात्र प्रत्येकजण आपापली. घशात रक्ताची चव, कानात आवाज, आणि डोळ्यांसमोर 2:35. त्याच्या किंचित आत आले. मग तिथेच ट्रॅकवर पडले. दोन्ही शर्यती झाल्यावर सगळ्या मुली हात धरून एक फेरी मारतात, जिंकलेली आणि शेवटची एका रांगेत. कोणाला चालवत नव्हते, तरी मारली.

बेरीज चार हजारांच्या थोडी वर गेली. गोव्यात परतल्यावर एका पेपरात दोन ओळी आल्या, त्यात माझा उल्लेख "लांब उडीपटू" असा होता. बाबांनी ते कात्रण तरीही ट्रकच्या आरशाला लावले आहे.

कोकण रेल्वेत वरच्या बर्थवर वही उघडून सरांबरोबर पुढच्या वर्षाची पाने आखली. सगळ्यात जास्त गुण हर्डल्समध्ये अडकलेत. अठरा वर्षांखालील गटात अडथळा 76.2 सेंटीमीटरचा होता, आता 83.8 चा. पहिला 13 मीटरवर, मग दर साडेआठ मीटरला एक, असे दहा. मधले अंतर तीन पावलांत कापायचे असते. मी चार टाकते, त्यामुळे प्रत्येक वेळी पाय बदलतो आणि डाव्या पायाने उडताना मी जवळजवळ थांबतेच. सोळा सेकंदांवरून साडेपंधरावर आले तर साठाहून जास्त गुण वाढतात. मी अजून सोळाच्याही बाहेर आहे, म्हणजे काम दुप्पट. पाइपचे हर्डल्स सरांनी पुन्हा जोडलेत, या वेळी साडेसात मीटरवर, म्हणजे तीन पावलांची सवय आधी लागेल. मग दर पंधरवड्याला थोडे थोडे लांब सरकवत नेऊ. भाल्यासाठी शाळेमागचे शेत कापणीनंतर द्यायला मालक तयार झाला आहे. अट एकच, त्याची गुरे आधी बाहेर काढायची.