दहावी आली म्हणजे काय

श्रावण, सोमवार, रात्री दहा

आज कानबाईचं, आमच्या खानदेशातल्या देवीचं, विसर्जन. गल्लीगल्लीत वाजंत्री, शाळेत निम्म्या मुली गैरहजर, म्हणून खो-खोचा सराव घेतलाच नाही. संघातली ती एक मुलगी मात्र आली होती. एकटीच मैदानाला फेऱ्या मारत होती. मी मोजल्या, बारा झाल्या. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन महिने नुसत्या नजरेनं विचारत होती, ते आज बोलली, "मॅडम, माले पयनं शे. खो-खो नको." म्हणजे तिला पळायचंय.

मी म्हटलं, "बघू."

हे 'बघू' दिवसभर टोचतंय. ती नसली तर आमचा संघ तालुक्याच्या पुढे जाणार नाही, एवढाच विचार त्यामागे होता. तिचा विचार त्यात नव्हता.

भाकरी थापताना धावपटू ललिता बाबर आठवल्या. त्याही मुळात खो-खोच्याच. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं मोही हे त्यांचं गाव. आमच्या पारोळ्याकडे पाऊस दगा देतो तसाच तो माणला देतो, म्हणून ती बाई मला कधी परकी वाटली नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या लागोपाठ पहिल्या येत होत्या. नाव झालं होतं. तेव्हाच त्या स्टीपलचेसकडे, लांब पल्ल्याच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळल्या. जे हातात होतं ते सोडून अडथळे ओलांडायला शिकल्या, आणि 2014 मध्येच इंचॉनच्या आशियाई खेळांत ब्राँझ! पुढच्या वर्षी वुहानला आशियाई विजेतेपद. त्यांना कुणी "बघू" म्हणून अडवलं असतं तर?

रिओ ऑलिंपिकमधली त्यांची अंतिम फेरी 15 ऑगस्ट 2016 ला होती. सकाळी झेंडावंदन करून आले होते, संध्याकाळी टीव्हीसमोरून हलले नाही. दोनच दिवस आधी त्यांनी 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. त्यानंतर 32 वर्षं आपली एकही मुलगी ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पात्रता फेरी पार करून अंतिम फेरीत पोचली नव्हती. ललिता पोचल्या आणि दहाव्या आल्या. "दहावीच आली," म्हणत घरातले जेवायला उठले. मी बसूनच राहिले. रडले, खरं तर.

दहावी आली म्हणजे काय, ते कसं सांगायचं? तीन हजार मीटर. 28 वेळा अडथळा, 7 वेळा पाण्याचा खड्डा. हर्डल पाय लागला की पडतं, हा अडथळा पडत नाही, पडते ती धावणारी. बायकांसाठी त्याची उंची 76.2 सेंटिमीटर. मी एकदा टेप घेऊन वर्गातला बाक मोजला होता, जवळपास तेवढाच भरला. दम लागलेला असताना, ओल्या बुटांनी, बाजूला दुसऱ्या मुलींची कोपरं लागत असताना तसले बाक ओलांडत राहायचे. शेवटचा अडथळा ओलांडतानाही पहिल्याइतकाच गुडघा वर यायला हवा. खो-खोत खांबाला वळसा घालून क्षणात दिशा बदलणारी मुलगी पायांचा असा अंदाज लवकर शिकेल, असं मला मनापासून वाटतं. ललिताचा तो राष्ट्रीय विक्रमही आता राहिला नाही. 2023 ला बुडापेस्टमध्ये पारुल चौधरीनं 9:15.31 केले. मला त्याचा आनंदच झाला.

मघाशी तिच्या घरी जाऊन आले. आई कापसाच्या निंदणीवरून नुकतीच आली होती. कानबाईचे रोट हातावर ठेवले आणि विचारलं, "ताई, पळून पळून पोरीचं अंग भरंल का वाळंल?" मी म्हटलं, दूध, अंडी, शेंगदाणे लागतील, अंड्यांचं मी बघते. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग पोरीकडे वळून म्हणाल्या, "पहाटे उठशीन का?"

उद्या साडेपाचला नदीकडच्या रस्त्यावर बोलावलंय. संघातल्या बाकीच्या मुलींना काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.