मिलफर्ड रोड: दोन तासांचा रस्ता, कॅम्परला पावणेचार

न्यूझीलंडमध्ये भाड्याच्या कॅम्परची (आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीची) किल्ली देताना काउंटरवरचा माणूस म्हणाला होता, "टे अनाऊ ते मिलफर्ड साउंड, दोन तास. रस्ता सुरेख." टे अनाऊ हे गाव, आणि मिलफर्ड साउंड ही डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, जिथे बोटीतून फिरवतात. रस्ता सुरेख आहेच, पण ते दोन तास छोट्या गाडीचे, तेही कुठे न थांबता. सव्वासातला निघूनही 120 किलोमीटरला आम्हाला पावणेचार तास लागले आणि अकराची बोट डोळ्यांदेखत सुटली. पुढच्या बोटीत जागा मिळाली, वरचे पैसे मोजून.

एग्लिंटन व्हॅली, मिरर लेक्स हा सगळा टप्पा सोपा. तळ्यापाशी दहा मिनिटं बास. कस लागतो तो होमर टनेलला.

बोगदा सव्वा किलोमीटरचा. 1935 साली काम सुरू झालं ते पाच माणसं, कुदळी आणि ढकलगाड्यांवर. आत शिरलं की ते पटतं: ओबडधोबड कातळ, वरून टपकणारं पाणी, आणि मिलफर्डच्या दिशेने दहास एक असा उतार. गर्दीच्या मोसमात सिग्नल असतो, एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. आम्ही पंधरा मिनिटं उभे. तेवढ्यात एक केआ (तिथला डोंगरी पोपट, चांगला कोंबडीएवढा) आरशावर येऊन बसला आणि खिडकीचं रबर चोचीने उपटायला लागला. त्याला खायला अजिबात घालू नका. सोकावतो, आणि मग पुढच्याच्या गाडीचं रबर जातं.

बोगद्याचं अलीकडचं तोंड 945 मीटरवर, आणि तिथून वीसेक किलोमीटरमध्ये थेट समुद्रसपाटी. नवरा ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होता. तिसऱ्या वळणाला मागचा ड्रॉवर धाडकन उघडला, ताटल्या खाली, आणि पाठोपाठ जळका वास.

"अरे, गिअर खाली घे ना!"

"अगं, ऑटोमॅटिक आहे!"

ऑटोमॅटिकलाही खालचा गिअर धरून ठेवता येतो हे आम्हाला कळलं ते खाली जागा बघून, गाडी थांबवून, ब्रेक गार होईपर्यंत पुस्तिका चाळली तेव्हा. तुम्ही सिग्नलला उभे असतानाच खालचा गिअर टाका. ड्रॉवरची प्रत्येक कडी हाताने ओढून बघा. "लागली असेल" यावर जाऊ नका.

धक्क्याजवळच्या पार्किंगचे पैसे तासावर. बोट चुकली की तेही वाढतात, हा दुसरा भुर्दंड.

पाऊस मात्र लागला तर नशीब समजा. इथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि पडला की प्रत्येक कड्यावरून धबधबे सुटतात. स्टर्लिंग फॉल्स दीडशे मीटरचा. बोट त्याच्या इतकी खाली नेली की मी नखशिखांत भिजून लहान पोरासारखी ओरडत होते. ब्रेकबिक सगळं विसरले.

तरीही टे अनाऊहून एका दिवसात कॅम्पर घेऊन जाऊन-येऊन? पुन्हा नाही. एक तर बसने जा, नाहीतर आदल्या रात्री कॅस्केड क्रीकच्या सरकारी कॅम्पसाइटवर मुक्काम करून पहाटे निघा. रस्त्याकडेला कुठेही गाडी लावून झोपता येत नाही. सँडफ्लाय (चावऱ्या बारीक माश्या) फोडून काढतात, मलम जवळ ठेवा. टाकी टे अनाऊलाच फुल्ल करा, नकाशाही तिथेच डाउनलोड करा, पुढे रस्त्यात रेंजचा भरवसा नाही. मे ते नोव्हेंबर चाकांच्या साखळ्या बाळगणं सक्तीचं आहे.

आणि गाडी डिझेलची असेल तर किलोमीटरमागे रस्ता-कर वेगळा, तो भाड्याच्या बिलात शेवटी येतो. आमच्या बिलात या दिवसाचे 240 किलोमीटर होते, आणि दोन फुटक्या ताटल्या.