नवी कोरी रेकॉर्ड आणि खरखर

नवी एलपी, म्हणजे मोठी विनाइल रेकॉर्ड, लावली आणि टिक-टिक आली की लगेच परत पाठवायची का? टिक दर 1.8 सेकंदांनी येत असेल तर गडबड एकाच जागी आहे, कारण मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या स्पीडला एक फेरी तेवढ्यातच होते. आधी ब्रश मारून बघा, बऱ्याचदा कागदी स्लीव्हचाच कचरा असतो. पण कापड फाडल्यासारखा चर्रर्र आवाज, तोही एकाच स्पीकरमधून, म्हणजे नॉन-फिल, रेकॉर्ड छापणाऱ्या प्रेसमध्ये विनाइलचं प्लास्टिक खाचेत नीट भरलंच नाही, तिथे कितीही पुसा काय उपयोग नाही, सरळ परत करा. भोक मधोमध नसेल तर टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, डुलत राहतो आणि सनईचा लांब सूर हलायला लागतो, ढोलकीत मात्र कळणारही नाही.

वाकलेल्या रेकॉर्डचं सोलापुरात अवघड आहे बघा, मे महिन्यात पारा 40 च्या वर, पार्सल दिवसभर टेम्पोत तापलेलं, मग दोष प्रेसचा का उन्हाचा हे दुकानदाराला कसं पटवणार, मी तर उन्हाळ्यात मागवतच नाही. सुई उडत नसेल तर थोडी वाकलेली मी ठेवून घेतो. दोन गाण्यांमधल्या शांततेत एक टिक आली म्हणून भांडणारेही आहेत, पण आमच्या शेजारी दिवसभर पॉवरलूम चालू, ती टिक ऐकणार कोण!