मिथिलेशन तेच, पण एमएसएच६ गेलेलं

परत आलेल्या ग्लिओब्लास्टोमाचा (मेंदूच्या आक्रमक कॅन्सरचा) ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, लॅबमध्ये आला, तेव्हा सोबतच्या फॉर्मवर एवढीच मागणी होती: एमजीएमटी हे डीएनए दुरुस्तीचं जनुक पुन्हा तपासावं. पहिल्या गाठीत एमजीएमटीचा प्रमोटर (जनुक चालू-बंद करणारा भाग) मिथिलेटेड होता, म्हणजे मिथाइल गट बसून जनुक दबलेलं होतं, म्हणून टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाला प्रतिसाद मिळण्याची आशा चांगली. तसा तो मिळालाही होता. रेडिएशनसोबत रोज प्रति चौरस मीटर ७५ मिलिग्रॅम, नंतर दर २८ दिवसांत ५ दिवस १५० ते २०० मिलिग्रॅम. एमआरआय बराच काळ शांत. मग वाढ पुन्हा सुरू झाली.

टेमोझोलोमाइड डीएनएवर मिथाइल गट चिकटवतं. बहुतेक गट ग्वानिनच्या एन-७ जागी बसतात आणि बेस एक्सिजन रिपेअर ही पेशीची यंत्रणा ते दुरुस्त करून टाकते. पेशीला मारणारा घाव ओ-६ जागचा, आणि तो एकूण घावांच्या १० टक्क्यांहूनही कमी असतो. एमजीएमटी प्रथिन तिथला मिथाइल स्वतःवर ओढून घेतं आणि त्यातच निकामी होतं. एका घावाला एक रेणू. प्रमोटर मिथिलेटेड असला की हे प्रथिन फारसं बनत नाही. पण घाव टिकला म्हणून पेशी मरत नाही. डीएनएची प्रत निघताना त्या ग्वानिनसमोर चुकून थायमिन बसतं, मिसमॅच रिपेअर ही चुकीच्या जोड्या सुधारणारी यंत्रणा ते कापते, पुन्हा थायमिनच बसतं, पुन्हा कापलं जातं. या फेऱ्यांतून अखेर दोन्ही धागे तुटतात. म्हणजे औषधाचं काम पुरं करते ती मिसमॅच रिपेअर. तीच बंद पडली, तर पेशी घाव अंगावर घेऊन खुशाल विभागत राहते.

तुकड्यात नेक्रोसिस (मेलेल्या पेशींचा भाग) भरपूर होतं. एच अँड ई या नेहमीच्या रंगाच्या स्लाइडवर जिवंत गाठीचा भाग आखला आणि कोऱ्या स्लाइडांवरून तेवढाच खरवडला. हे टाळलं तर सामान्य पेशींचा डीएनए मिसळतो आणि मिथिलेशनची टक्केवारी खोटी खाली येते. मिथिलेशन मोजण्याआधीच्या बायसल्फाइट प्रक्रियेत मिथाइल नसलेलं सायटोसिन बदलतं, मिथाइल असलेलं तसंच राहतं. पण फॉर्मेलिनने आधीच तुटलेला डीएनए यात आणखी झिजतो. रूपांतर अर्धवट राहिलं तर निकाल खोटा पॉझिटिव्ह येतो, म्हणून पायरोसिक्वेन्सिंगमध्ये (डीएनएची अक्षरं वाचण्याच्या पद्धतीत) सीपीजी नसलेल्या, म्हणजे पुढे ग्वानिन नसल्याने सहसा मिथाइल न बसणाऱ्या, जागचं सायटोसिन पूर्ण बदललंय का, ते आधी पाहायचं. आमचं बदललं होतं. निकाल: स्पष्ट मिथिलेटेड.

मग औषध का हरलं? एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ या मिसमॅच रिपेअरच्या चारही प्रथिनांचे स्टेन (प्रथिन असेल तिथे तपकिरी दिसणारे) लावले. पहिली तीन शाबूत. एमएसएच६च्या स्लाइडवर गाठीची केंद्रकं नुसती निळी होती आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या अस्तरातली केंद्रकं गडद तपकिरी. ती तपकिरी केंद्रकं नसती, तर स्टेनच फसलाय असं म्हणून स्लाइड बाद करावी लागली असती. जुना ब्लॉक काढून तोच स्टेन केला. तिथे गाठीतही एमएसएच६ होतं. हा बदल उपचाराच्या काळात घडला होता. सिक्वेन्सिंगमध्ये एमएसएच६चं म्युटेशन मिळालं आणि सायटोसिनच्या जागी थायमिन अशा बदलांचा ढीग. टेमोझोलोमाइडचा ठसा असाच असतो. मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्त तुकड्यांची) चाचणी मात्र स्थिर आली. अशा ग्लिओमांत (ग्लिओब्लास्टोमाच्या कुळातल्या गाठींत) ती बऱ्याचदा स्थिरच येते, तिच्यावर विसंबून मिसमॅच रिपेअर ठीक आहे असं लिहू नये.

ट्यूमर बोर्डात (डॉक्टरांच्या संयुक्त बैठकीत) टेमोझोलोमाइड पुन्हा देण्याचा विचार मागे पडला आणि लोमस्टिन हे दुसरं केमोथेरपीचं औषध ठरलं. तेही ओ-६ जागीच बसतं, पण दोन धाग्यांना एकमेकांशी जखडतं; मारायला मिसमॅच रिपेअर लागत नाही. एमजीएमटी असतं तर त्याने हा घावही पुसला असता, म्हणून मिथिलेशनचा दुसरा रिपोर्ट इथे कामी आला. डोस ६ आठवड्यांतून एकदाच, कारण प्लेटलेट चौथ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत खाली जातात. मधल्या चांगल्या काउंटवर भुलून घाई करायची नाही.

इतकी म्युटेशन्स पाहून इम्युनोथेरपीचा प्रश्न येतोच. पण उपचारातून आलेली म्युटेशन्स पेशीगणिक वेगळी असतात, आणि अशा ग्लिओमांत चेकपॉइंट औषधांचा (प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक काढणाऱ्या इम्युनोथेरपीचा) प्रतिसाद कमकुवत दिसलाय. मिसमॅच रिपेअरचा जन्मजात दोष असलेल्यांची गोष्ट वेगळी, म्हणून कुटुंबातल्या कॅन्सरचा इतिहास विचारायलाच हवा.

पार्प इनहिबिटरबद्दल (डीएनए दुरुस्तीतलं पार्प हे प्रथिन अडवणाऱ्या औषधांबद्दल) मला जास्त उत्सुकता आहे. एमएसएच६ नसलेल्या पेशी या औषधांसोबत टेमोझोलोमाइडला पुन्हा दबतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. अडचण दोन ठिकाणी आहे: ओलापरिबसारखं औषध रक्त-मेंदू अडथळ्यावरचे पंप बाहेर फेकतात, आणि दोन्ही औषधं एकत्र दिली की अस्थिमज्जा आधी कोलमडते, मग टेमोझोलोमाइडचाच डोस उतरवावा लागतो.