नमुना चारची पोच

सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत राज्यात पहिल्यांदा आली, त्या २०१७ च्या ऑक्टोबरात महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर मी निवडून आले. बोरी नदीकाठचे आमचे गाव कापूस आणि मका पिकवणारे आहे आणि पहिली अडीच वर्षे माझे सरपंचपद गटारी, दिवाबत्ती आणि पाणीपुरवठ्याची जळालेली मोटार यांच्यातच गेले. लोकप्रतिनिधीने नेमके काय करायचे असते, हे मला २०२० च्या उन्हाळ्यात कळले, तेही निम्मे चुकल्यावर.

आमच्या भागात पाऊस हुकला की माणूस सुरतेची गाडी धरतो. उधना आणि लिंबायत ही नावे आमच्याकडच्या मुलांना तालुक्याच्या गावाइतकीच तोंडपाठ असतात. मार्चच्या अखेरीस कोरोनाच्या टाळेबंदीने लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, थांबले, मार्केट बंद झाले आणि माणसे मिळेल त्या वाहनाने, काही तर तापीच्या काठाकाठाने पायी, परत येऊ लागली. त्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवण्याचे काम आम्ही निभावले. खरा प्रश्न पंधराव्या दिवशी सुरू झाला, कारण ज्या घरात सुरतेहून पैसे येत तिथे आता खाणारी तोंडे वाढली होती आणि पैसे येणे थांबले होते. शेतकऱ्याकडे पाहावे, तर त्याचाच कापूस घरात पडून होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता, पण खरेदी केंद्रांवर नंबर लागत नव्हता आणि व्यापारी हजार रुपयांनी कमी भावाने मागत होता. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन २३.९ टक्क्यांनी आकसल्याचे ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी जाहीर झाले. आमच्या गल्लीत ते एप्रिलमध्येच कळले होते.

मी आधी केले ते सगळेच करतात. एका दानशूर व्यापाऱ्याकडून साठ घरांना पुरेल इतका किराणा आणला, मारुतीच्या पारावर पिशव्या मांडल्या आणि वाटप करताना फोटो काढू दिले. आमच्या शेजारच्या गल्लीतले एक नाना रांगेत होते. बावीस वर्षे त्यांनी उधन्याला लूमवर काढलेली. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पिशवीला हात लावला नाही, मोबाइल धरून उभ्या असलेल्या मुलाकडे एकदा पाहिले आणि मला हळूच म्हणाले, "ताई, माले काम जोयजे." पिशवी मी संध्याकाळी त्यांच्या घरी पोहोचवली, त्यांच्या पत्नीने ती घेतलीही, परंतु त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी रोजगार हमीची कामे सुरू करा असे सांगायला तालुक्याच्या कार्यालयात गेले. तिथे पहिला प्रश्न आला तो "यजमान नाही आले का सोबत?" असा. त्यानंतर मिळालेले उत्तर मात्र महत्त्वाचे होते. संगणकात पाहून मला सांगण्यात आले की आमच्या गावातून कामाची मागणीच शून्य आहे. गावात शंभरावर माणसे रिकामी बसली होती, येता-जाता ग्रामरोजगार सेवकाला काम विचारत होती आणि कागदावर मागणी शून्य होती, कारण तोंडी विचारलेले कुठेही नोंदले जात नाही. ज्या महाराष्ट्राने १९७७ मध्येच रोजगार हमीचा कायदा केला, त्या महाराष्ट्रात हे मला सरपंच होऊन अडीच वर्षांनी समजावे, याची लाज आजही वाटते.

कामाची मागणी नमुना क्रमांक ४ वर करायची असते आणि तिची तारीख घातलेली पोच नमुना ५ वर मिळते. त्या पोचेपासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता देणे लागते: पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश. त्या वर्षी राज्यातला दर २३८ रुपये होता, म्हणजे भत्ता दिवसाला साडेएकोणसाठ रुपये. रक्कम फुटकळ असली, तरी भत्ता द्यावा लागला की तो का द्यावा लागला याचा खुलासा कुणाला तरी करावा लागतो, आणि त्या खुलाशाची धास्ती रकमेपेक्षा पुष्कळ मोठी असते.

११ मे रोजी सकाळी आठ वाजता मी, ग्रामसेवक आणि रोजगार सेवक ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलो. दुपारपर्यंत ४३ कुटुंबांची मागणी लिहून झाली. अडचण जॉबकार्डांची, म्हणजे रोजगार हमीच्या मजुराला लागणाऱ्या कार्डांची, होती, कारण सुरतेला राहणाऱ्या अनेकांची नावे इथल्या रेशनकार्डातून कमी झालेली होती. काहींची बँकखातीही तिकडचीच आणि वर्षानुवर्षे न वापरलेली. नवी जॉबकार्डे ग्रामपंचायतीनेच द्यायची असल्यामुळे ती चार दिवसांत उरकली. प्रत्येकाच्या हाती पोच ठेवताना मी एकच सांगत होते, की हा कागद हरवू नका. नानांनी तो आपल्या जुन्या रेल्वे पासच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात, पासच्या मागे सरकवला. ४३ नावांची यादी आणि २६ मे ही मुदत नमूद केलेले पत्र मी तहसीलदार आणि गटविकास अधिकारी या दोघांनाही दिले आणि दोघांच्या शिक्क्यांची प्रत जपून ठेवली. आमदारांचे शिफारसपत्रही जोडले होते. त्याने अभियंत्यांचा फोन लागला, हे खरे, पण तारीख पुढे सरकू दिली नाही ती नमुना पाचच्या गठ्ठ्याने.

काम पाझर तलावातला गाळ काढण्याचे ठरले. ते आधीच्या वर्षीच ग्रामसभेने आराखड्यात घेतलेले होते आणि फक्त तांत्रिक मान्यता बाकी होती. सरपंचांना साधारणपणे पेव्हर ब्लॉक आवडतो, कारण त्यात साहित्य असते आणि साहित्य म्हटले की पुरवठादार येतो. मातीकामात मजुराच्या घामाशिवाय काही नसते. मी स्वतः आधीच्या वर्षी पेव्हर ब्लॉकसाठीच खटपट करत होते, हे कबूल करायला हवे.

काम मंजूर झाल्याची बातमी पसरली, त्याच संध्याकाळी एक गृहस्थ घरी आले. त्यांचे म्हणणे सरळ होते: दोन रात्रींत जेसीबीने गाळ काढून देतो, मस्टरवर नावे तुमच्या मजुरांचीच राहतील, खात्यात पैसे पडले की निम्मे मला आणि निम्मे त्यांना घरबसल्या. मला धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. दुसऱ्या दिवशी पाच-सहा मजूरच मला सांगायला आले, की ताई, यात वाईट काय आहे, ऊन बेचाळीस-त्रेचाळीसवर गेले आहे आणि आम्हाला फावड्याची सवय राहिलेली नाही. आमच्या घरातल्यांचेही मत तेच पडले. मी नाही म्हटले. तत्त्वाचा भाग त्यात होता, पण त्याहून अधिक भाग सामाजिक अंकेक्षणाच्या, म्हणजे गावासमोर होणाऱ्या कामाच्या तपासणीच्या, भीतीचा होता, आणि तलावावर जाऊन कोणी विचारले तर सांगायचे काय, या विचाराचा. ते पाच-सहा जण पुढे वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

२५ मे रोजी, मुदतीच्या एक दिवस आधी, काम सुरू झाले. पहाटे साडेपाचला सुरुवात आणि साडेदहाला सुट्टी, असे आम्ही ठरवले. ४३ पैकी ३१ कुटुंबे आली. नानांचे हात लूमवर राहून मऊ झालेले. पहिल्याच दिवशी दोन्ही तळव्यांना फोड आले आणि तिसऱ्या दिवशी ते जुन्या साडीची पट्टी गुंडाळून आले. साडी सुरतेचीच होती, हे त्यांनीच हसून सांगितले.

पहिल्या आठवड्याची मजुरी निघाली तेव्हा दिवसाला १६० च्या आसपास पडले होते. रोजगार हमीत मजुरी हजेरीवर नसते, खोदलेल्या मातीच्या मोजमापावर असते, आणि माती, मुरूम, कठीण मुरूम यांचे दर वेगवेगळे असतात. वरचा फूटभर गाळ सोडला तर खाली मुरूम होता, मोजमाप पुस्तिकेत मात्र सगळी मऊ मातीच लिहिली गेली होती. मी तांत्रिक सहाय्यकांना तलावावर बोलावले, खड्ड्यात उतरवले आणि एका मजुराची टिकाव त्यांच्या हाती दिली. तीन-चार घाव घातल्यावर त्यांनी काही न बोलता टेप काढला. पुढच्या आठवड्यापासून मजुरी दिवसाला २३३ पडू लागली. पहिल्या आठवड्याचा फरक मात्र शेवटपर्यंत मिळाला नाही. त्यासाठी मी तीन अर्ज केले आणि तिन्हींची पोच माझ्याकडे आहे.

जूनच्या मध्यावर पाऊस आला आणि तलावातले काम थांबले. मजुरांना त्यानंतर शेतात निंदणी मिळाली, काहींना वृक्षलागवडीचे खड्डे मिळाले. सगळ्यांचे पैसे आले, फक्त चार जणांचे खाती निष्क्रिय असल्यामुळे परत गेले. ती खाती सुरू करून, आधार जोडून, पैशांची मागणी पुन्हा पाठवण्यात दिवाळी उजाडली. चौघांपैकी एक नाना. दिवाळी झाल्यावर लूम पुन्हा चालू झाल्याचा निरोप आला आणि ते पैसे न मिळताच उधन्याला निघून गेले. जाताना जॉबकार्ड पत्नीकडे आणि पोच पासच्या कव्हरात.

फेब्रुवारीत एका दुपारी त्यांचा फोन आला. मागे लूमचा खडखडाट एवढा होता की त्यांना ओरडावे लागत होते. "ताई, पैसा उनात," म्हणजे पैसे आले, असे ते म्हणाले. "तेराशे अठ्ठ्याण्णव. सहा दिवसांचे बरोबर आहेत ना?" मी हिशेब केला आणि बरोबर असल्याचे सांगितले.