तुम्ही विचारलंत म्हणून: खेळणं कामून सोडलं?

'मॅडम, तलवारबाजीत खेळाडू म्हणून जमलं नाही म्हणून कोच झालात ना?' परभणीत पालकसभेत हे हमखास येतं. माझी मावशी तर सरळ विचारते, 'कामून सोडलं गं? हात मोडला का?' हात शाबूत आहे.

आधी एक विनंती. भवानीदेवीशी तुलना नको. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तलवारबाजीत उतरणारी ती पहिली भारतीय. पहिली लढत तिनं १५-३ अशी जिंकली तेव्हा मीही टीव्हीसमोर ओरडले होते. पण तलवारबाजीत तलवारीनुसार प्रकार असतात: तिचं सेबर, माझं एपी. सेबरमध्ये धारही चालते, फक्त टच कमरेच्या वर लागतो. एपीत नुसतं टोक, पण पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठंही. आणि एपीत दोघींचेही टच एकदम लागू शकतात.

त्यानंच घात केला. राज्य संघाची निवड चाचणी होती. तीन-तीन मिनिटांचे तिन्ही पिरियड संपले, गुण सारखे. मग जादा मिनिट, त्याआधी प्रायॉरिटीचा ड्रॉ. दिवा समोरच्या पोरीच्या बाजूला लागला. म्हणजे मिनिटभरात काहीच झालं नाही तर ती जिंकणार. ती मागं सरकत राहिली, मी अंगावर जात राहिले. घामानं मास्कच्या जाळीपलीकडचं पुसट दिसत होतं. तिचं मनगट जरासं उचललं गेलं, खालून हात उघडा पडला, आणि मी लंज मारला, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून झेप घेतली. टोक कोपराच्या आतल्या बाजूला बसलं. पातं कमानीसारखं वाकलेलं मी बघितलंय. वर पाहिलं तर दोन्ही दिवे! सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत तिचंही टोक माझ्या खांद्याला लागलं होतं. जादा मिनिटात असा टच धरतच नाहीत. उरलेला वेळ तिनं मागं पळून काढला.

पंचांनी चूक केली नाही, यंत्रही बरोबर होतं. हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. (पालकांना मात्र इथं काहीतरी 'राजकारण' हवं असतं.)

आणि त्यामुळं खेळणं सोडलं असंही नाही. पुढं खेळलेच की. पण संघात गेलं तर पदक, पदक असलं तर सरकारी नोकरीच्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाची आशा. माझी साखळी पहिल्याच कडीला तुटली. एका शाळेनं पोरांना शिकवायला बोलावलं, महिन्याला पैसे देते म्हणाली. मी हो म्हणाले. खेळावरच्या प्रेमापोटी गेले असं भाषणात सांगते, तेही खोटं नाही, पण पैसे आधी होते.

तेव्हाची मी आज समोर आली तर भांडेल. म्हणेल, आणखी एक हंगाम काढायचा होतास. मी म्हणेन, बॉडी वायर (तलवार टच मोजणाऱ्या यंत्राला जोडणारी अंगावरची तार) आणि पाती कुणाच्या पैशानं घेतली असतीस? ती गप्प बसणार नाही.

आता पोरी विचारतात, प्रायॉरिटी समोरच्या पोरीला गेली तर लगेच जायचं का थांबायचं? कधी लगेच जा म्हणते, कधी शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत थांब म्हणते. त्या म्हणतात, मॅडम, एक काहीतरी सांगा.