चिठ्ठी दिली, पुढे काय?

मी पेठ तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि त्यासाठी नाशिकहून रोज सावळघाट ओलांडून ये-जा करते. वर्षातून एकदा आमच्या पटांगणात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची गाडी येऊन उभी राहते. दोन आयुष डॉक्टर, त्यांपैकी एक महिला, शिवाय एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे हे चौघांचे पथक असते. शेजारच्या अंगणवाडीत ते वर्षातून दोनदा येते, शाळेत एकदा. आदल्या दिवशी आम्ही मुलांना नखे कापून यायला सांगतो, आणि त्या दिवशी हजेरी इतर कोणत्याही दिवसापेक्षा चांगली असते, कारण खिचडीनंतर वर्ग भरणार नाही हे मुलांना ठाऊक असते.

या कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जन्मतः असलेली व्यंगे, पोषणाची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब अशा चार गटांतील ३० आरोग्यसमस्या पथकाने शोधायच्या, साधा उपचार जागेवरच करायचा आणि ज्याला पुढील तपासणीची गरज आहे त्याच्या हाती संदर्भ चिठ्ठी द्यायची, अशी त्याची रचना आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. शाळांपैकी मात्र शासकीय आणि अनुदानित शाळाच. गंगापूर रोडवरील माझ्या शेजारणीला, जिची मुले भरपूर फी भरून खासगी शाळेत जातात, अशी काही तपासणी असते हेच ठाऊक नव्हते. ‘तुमच्याकडे डॉक्टर शाळेत येतात?’ असे तिने मला दोनदा विचारले.

तपासणीचा दिवस पाहण्यासारखा असतो. उंची-वजन होते, दात पाहिले जातात, त्वचेवरील चट्टे पाहिले जातात. व्हरांड्याच्या एका टोकाला दृष्टी तपासण्याचा तक्ता टांगतात आणि सहा मीटर मोजून खडूची रेघ मारतात. अक्षरे न येणाऱ्या लहान मुलांसाठी तक्त्यावर तीन दांड्यांच्या कंगव्यासारखी खूण असते, तिची टोके कोणत्या दिशेला आहेत ते हाताने दाखवायचे. मागील वर्षी चौथीतील एक मुलगा तक्त्यावरील सगळ्या ओळी धडाधड बरोबर दाखवत होता. डॉक्टरांना त्याची नजर कुठे आहे याचा संशय आला आणि त्यांनी मागे वळून पाहिले, तर त्याचा मित्र तक्त्याच्या बाजूला, खांबाआड उभा राहून बोटांनी दिशा सांगत होता. मित्राला वर्गात पाठवल्यावर या मुलाला तिसऱ्या ओळीपुढचे काहीच दिसत नाही असे आढळले. दोन वर्षे मी त्याला फळ्यावरचे चुकीचे उतरवतो म्हणून रागावत होते. त्याला नंतर चष्मा मिळाला, आणि तो प्रसंग मला अजूनही टोचतो.

वर्षभर चालणारी कामे आम्हा शिक्षकांवर असतात आणि ती तुलनेने सुरळीत होतात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंतनाशक दिन असतो; अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी आमच्यासमोर चावून खायची असते. आठवड्यातून एकदा लोहाची गोळी, लहानांना गुलाबी आणि १० वर्षांपुढील मुलांना निळी, तीही जेवणानंतर. लोहाने शौचाचा रंग काळा होतो, हे पालकसभेत आधी सांगून ठेवावे लागते; पहिल्या वर्षी मी ते सांगितले नव्हते आणि दुसऱ्या दिवशी तीन आया शाळेच्या दारात उभ्या होत्या.

या सगळ्यात मला खरी अडचण दिसते ती चिठ्ठी हातात पडल्यानंतरची. खो-खो खेळताना मध्येच खाली बसणारी पाचवीतील एक मुलगी होती. आम्ही तिला आळशी म्हणत असू. पथकातील डॉक्टरांनी तिच्या छातीवर स्टेथोस्कोप बराच वेळ धरून ठेवला, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावले, आणि हृदयाच्या ठोक्यांत वेगळा आवाज येतो म्हणून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करण्याची चिठ्ठी लिहून दिली. मी ती तिच्या आजीला वाचून दाखवली. ‘बाई, पोरगी खेळती-खाती हाय, मग दवाखाना कशाला?’ असे आजी म्हणाली, तरी चिठ्ठी तिने जपून पदरात बांधली. मी नोंदवहीत ‘संदर्भित’ असे लिहिले आणि माझे काम झाले असे समजले.

दिवाळीनंतर तिच्या घरी गेले तेव्हा ती चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत, एका लग्नपत्रिकेत घडी करून ठेवलेली सापडली. पथक आमच्याकडे पावसाळ्यात आले होते. तेव्हा भाताची लावणी चालू होती, नंतर कापणी आली, आणि ऑक्टोबरच्या छाटणीसाठी तिचे आईवडील दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला निघून गेले होते. नाशिकला जायचे म्हणजे दोघांच्या मजुऱ्या बुडणार, एसटीचे भाडे लागणार आणि काम एका फेरीत होईलच याची खात्री नाही. शस्त्रक्रिया लागलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ती मोफत होऊ शकते, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते, मीही नाही.

शेवटी आशाताई, मुलीचे वडील आणि मी एका शनिवारी योजनेत समाविष्ट असलेल्या एका रुग्णालयात गेलो. तेथे खिडकीवर सांगण्यात आले की मुलीचे नाव रेशन कार्डावर नाही, तेव्हा ते चढवून आणा. तिच्या धाकट्या भावाचे नाव होते, तिचे नव्हते. मुलीला पाहायला कोणी डॉक्टर त्या दिवशी आलाच नाही. वडिलांनी परतीच्या एसटीत एक शब्दही काढला नाही. नाव चढायला पुढे सहा आठवडे गेले आणि त्यात तहसील कार्यालयाच्या तीन फेऱ्या झाल्या. इकोमध्ये हृदयाला छिद्र असल्याचे निघाले, शस्त्रक्रिया झाली, खर्च योजनेतून भागला. ती आता सातवीत आहे आणि खो-खोच्या संघात तिला कोणी घेत नाही म्हणून रुसून बसते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत हीच गाठ अधिक घट्ट बसते. आमच्या भागातील कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांत या तपासणीला महत्त्व आहे. एका मुलाला आजार निघाला तर आईवडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसूनही आजार मुलांकडे देऊ शकणारे, असण्याचाच संभव अधिक असतो आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या चिठ्ठीमागे सगळे घर तपासावे लागते. ते घर द्राक्षबागेच्या बांधावरील झोपडीत राहत असेल, तर ती चिठ्ठी तिथवर पोचवायची कोणी, हे कोणाच्याच कामाच्या यादीत नीट लिहिलेले नाही. पथकाला पुढील गावाची तारीख दिलेली असते आणि आशाताईची हद्द गावापुरती असते. पथकाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पण किती मुले तपासली याचा आकडा जितक्या आग्रहाने मागितला जातो, तितक्या आग्रहाने किती चिठ्ठ्यांवर उपचार झाले हे मला आजवर कोणी विचारलेले नाही.

म्हणून यंदा मी स्वतःच्या वहीत एक जास्तीचा रकाना आखला आहे. पालकसभा मी ऑक्टोबरची वाट न पाहता जुलैमध्येच घेतली आणि प्रत्येकाला रेशन कार्ड व आधार घेऊन यायला सांगून मुलांची नावे तेथेच ताडून पाहिली. यंदाच्या सात चिठ्ठ्यांपैकी पाचांपुढे उपचाराची तारीख पडली आहे. सहाव्या मुलाची आजी पुढच्या सोमवारी यायला तयार झाली आहे. सातव्याचे घर पिंपळगावकडे कामाला गेले आहे. त्याच्या वडिलांचा फोन फक्त शनिवारी संध्याकाळी, मजुरीचा हिशेब झाल्यावर लागतो.